मदत हवी आहे: मामांच्या संग्रहातला काळा दगड समर्स्काइटच आहे का? घरात ठेवता येईल का?

नमस्कार. मामांच्या पश्चात त्यांचा खनिजसंग्रह माझ्याकडे आला. बहुतेक नमुने आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधले, अपोफायलाइट आणि स्टिल्बाइट. प्रश्न आहे तो एका काळ्याकुळकुळीत, लिंबाहून लहान दगडाचा. सोबतच्या चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात ‘समर्स्काइट, नेल्लोर’ एवढंच आहे. नेल्लोरच्या अभ्रकपट्ट्यातल्या पेग्मटाइटांत (मोठमोठ्या स्फटिकांच्या अग्निज खडकांत) हे खनिज सापडतं, म्हणून चिठ्ठी खरी असावी असं वाटतं.

वाचून कळलं ते असं: इट्रियम, लोह, युरेनियम आणि नायोबियम-टँटलम यांचं हे ऑक्साइड. कठिनता ५ ते ६, भंजन शंखाभ (फुटल्यावर शिंपल्यासारखे वक्र पृष्ठ), चमक काचेसारखी किंवा राळेसारखी. माझ्या दगडाचं वजन ६२ ग्रॅम. दोऱ्याने पाण्यात टांगल्यावर ११ ग्रॅमने कमी भरलं, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (वि. गु., पाण्याच्या किती पट जड) साधारण ५.६. पण कोलंबाइट हे लोह-नायोबियमचं खनिजही काळंच असतं आणि त्याचं वि. गु. याच्या जवळपास येऊ शकतं. मग फरक कसा करायचा?

घरचे म्हणतात, युरेनियम आहे तर टाकून दे. मला टाकायचा नाही. १८७९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी समेरियम हे मूलद्रव्य शोधलं ते याच खनिजातून. शिवाय मामांनी तो जपला होता. पण घरात लहान मूल आहे, त्यामुळे धोका असेल तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद

टाकू तर मुळीच नका, कचऱ्यात असा दगड जाणं जास्त वाईट. कस (घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग) पाहायला घासू नका, फोडू नका. त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणं हाच मुख्य धोका. झाकणाच्या डबीत ठेवा, हाताळल्यावर हात धुवा. डबी झोपायच्या खोलीत नको, मुलाच्या हाती लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवा, कारण युरेनियमच्या क्षयातून रेडॉन वायू थोडा का होईना निघत राहतो.

कोलंबाइटला पाटन असतं, म्हणजे ते ठरावीक सपाट पातळीत फुटतं, त्यामुळे तुटलेल्या कडेवर सपाट पृष्ठं दिसू शकतात. समर्स्काइट मात्र काचेसारखं फुटतं. युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गाने त्याची स्फटिकरचना आतून मोडलेली असते, याला मेटामिक्ट अवस्था म्हणतात. गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) जवळ नेऊन पाहा. जोरात वाजला तर साधं कोलंबाइट बहुधा नाही. पण युक्झेनाइट, फर्ग्युसोनाइट ही याच्यासारखी दिसणारी खनिजंही वाजतात, तेव्हा एवढ्यावर नाव ठरवू नका.

क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत) मेटामिक्ट नमुना काहीच सांगत नाही. तापवून पुन्हा स्फटिक बनवता येतात, पण किती आणि कशा हवेत तापवलं यावर तयार होणारी खनिजं बदलतात. त्यामुळे रासायनिक विश्लेषणच लागेल: युक्झेनाइटमध्ये टायटॅनियम भरपूर, समर्स्काइटमध्ये ते कमी आणि नायोबियम वरचढ.

धागाकर्ती

मनापासून आभार, डबी आजच हलवते. विश्लेषण कुठे करून मिळेल?

प्रतिसाद

युरेनियम-थोरियमयुक्त विरल मृत्तिका (इट्रियम, समेरियम यांसारख्या मूलद्रव्यांची) खनिजं १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात अणुखनिजांच्या यादीत आहेत. म्हणून आधी केंद्र सरकारच्या परमाणु खनिज संचालनालयाला लिहा, त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. फोटो, वजन, वि. गु. आणि चिठ्ठीची प्रत जोडा. त्यांच्या उत्तराआधी दगड कुरियरने कुठेही पाठवू नका. आणि मूळ चिठ्ठी डबीतच राहू द्या, नमुन्याचं ठिकाण सांगणारा तेवढा एकच पुरावा आहे.