दगडाचे भांडे आतून 'कोरतात' की 'पोखरतात'?

अनुवादिका: प्राचीन इजिप्तमधल्या दगडी भांड्यांवरचा लेख मराठीत करतेय. सक्काऱ्याला जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली अशी सुमारे ४०,००० भांडी निघाली. आधी बाहेरून घडवायचे, मग आतला दगड काढायचा. मी 'आतून कोरले' लिहिले, संपादकांनी 'पोखरले' केले. कोरणे म्हणजे वरची नक्षी, असे त्यांचे म्हणणे. मला पोखरणे म्हटले की वाळवीच दिसते. शिवाय इंग्रजी 'व्हाज'ला (vase) फुलदाणी कसे म्हणू? त्यांत तेले, मलमे असायची.

खलबत्ता: ताई, 'कोरले'च ठेवा. वेरूळचे कैलास लेणे कोरलेच ना? आई भरल्या कारल्यासाठी कारली कोरायची, ती काय नक्षी होती? फुलदाणी मात्र नको. मोठ्याला बरणी, लहानाला कुपी.

तळकोकण: 'दगडी' म्हणा की! आजी दही दगडीत लावायची, लोणचेही दगडीतच.

माणदेशी: आमच्याकडे दगडी हे विशेषण. 'दगडीत दही' म्हटले तर कशात, असे विचारतील.

तळकोकण: कोशात नाम म्हणून आहे. तुमच्या गावात नाही म्हणून शब्द मरत नाही.

चंद्रकोर: मऊ जिप्सम कोरायला ते गारेची (चकमकीच्या दगडाची) अर्धचंद्राकार पाती वापरत. कोर आणि कोरणे एकच असणार!

खलबत्ता: भाकरीच्या कोरेने कोण काय कोरते? ओढूनताणून आहे हे.

अनुवादिका: आतून कोरायच्या हत्याराला काय म्हणू? उभा दांडा, वर दोन धोंडे बांधलेले, खाली दगडी पाते. कठीण दगडाला आधी तांब्याची नळी लावून भोक पाडत. नळी नुसती फिरते, कापते ती खाली टाकलेली वाळू. चित्रलिपीत 'कारागिरी' लिहायला याच हत्याराचे चिन्ह आहे.

माणदेशी: सामता. भोक पाडायला सुताराकडे असतो.

खलबत्ता: सामता दोरीने फिरतो, हा हाताने. 'वेधणी' करा.

माणदेशी: घडवलेले शब्द पाथरवटाला कळत नाहीत. वडिलांबरोबर मी पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत फिरलोय. तिथे टाकी, छिन्नी, घण, बस्स. आणि वाळूवरून आठवले, धार लावायचा दगड तो कुरुंद. इंग्रजांनी तो शब्द ('कोरंडम') तमिळमधून उचलला.

तळकोकण: कुरुंद आमच्याकडे सहाणेलाही म्हणत.

माणदेशी: सहाण वेगळी, दादा. तिच्यावर गंध उगाळतात.

अनुवादिका: इजिप्तमध्ये लक्सर शहरासमोर कुर्ना गावात आजही हाताने भांडी करतात. आतून काढताना फुटू नये म्हणून भांडे कापडात गुंडाळतात. त्या गुंडाळण्याला पाथरवटांचा शब्द आहे का?

माणदेशी: आम्ही पोकळ काही केलेच नाही. उखळी बनवणाऱ्यांना विचारून सांगतो.