दुसरी सायकल म्हणजे उधळपट्टी म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

खडकवासला_वारा
काल इथे पोस्ट आली, "बसायला ढुंगण एकच, मग सायकली दोन कशाला." तीसेक जणांनी खाली वा वा केलं. मी रात्रभर तेच डोक्यात घेऊन झोपलो म्हणून आता सविस्तर लिहितोय, की रोजच्या सायकलच्या जोडीला मला लांबच्या राइडसाठी रोडबाइक (वाकड्या हँडलची, पातळ टायरची) का घ्यायचीय.

माझ्याकडे २०१६ ची हायब्रिड आहे, सरळ हँडलची. कॅरियर, मडगार्ड, स्टँड, ३८ मिमीचे जाड टायर. वारज्याहून शिवाजीनगरला ऑफिस, पावसाळ्यातही हीच, येताना कॅरियरला भाजी. या कामाला ती सोनं आहे. पण मी बीआरएम पण करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या शेकडो किलोमीटरच्या राइड, आणि त्यासाठी दर वेळी आदल्या रात्री हॉलमध्ये पेपर पसरून बसायचं. मडगार्डचे नट काढा, कॅरियर काढा, ३८ चे टायर उतरवून २८ चे चढवा, आणि सोमवारी ऑफिस म्हणून रविवारी रात्री सगळं उलट. गेल्या महिन्यात ३०० किमीची राइड होती, पहाटे पाचला सुरुवात. रात्री साडेअकराला शेवटचा टायर बसेना म्हणून लिव्हर घातला आणि ट्यूब त्याखाली चिमटली. कळलं नाही. पंप मारला, हवा धरली, झोपलो. चारला उठून बघतो तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं, साप चावल्यासारखी. स्पेअर ट्यूब होती ती ३८ ची. तीन महिन्यांची तयारी तिथेच संपली.

तर ज्यांना उधळपट्टी वाटते त्यांनी आधी एकदा रात्री साडेअकराला टायर बदलून बघावा आणि मग बोलावं.

साधीसायकल
ती पोस्ट माझी. आणि मी शब्द मागे घेणार नाही.

माझे वडील भोर भागात शिक्षक होते. एक एटलस, काळी, २८ इंची, नळीवर मी, कॅरियरवर बहीण, हँडलला पिशवी. ३१ वर्षं तीच. चाकाला आउट आला की काढून आणायचा, छर्रे गेले की बदलायचे, दिवाळीच्या सुट्टीत ओव्हरऑइलिंग, झालं. हे हलाखीचं रडगाणं नाही, त्यांना ती सायकल डोळे मिटून खोलता यायची हे सांगतोय. तुमचं दुखणं टायर बदलण्याच्या सवयीचं आहे, त्यावर उपाय म्हणून ५० हजारांची सायकल?

आणि हिशोब बघा. बीआरएममध्ये ३०० किमीला २० तास मिळतात. म्हणजे ताशी १५ ची सरासरी, खाणंपिणं धरून. १५ ला कुठली रेसिंगची सायकल लागते? घाटाचं म्हणाल तर पुढची चकती लहान आणि मागची मोठी तेवढा चढ हलका. तुमच्या हायब्रिडला पुढे २८ दात्यांची चकती असणार, मागे ३४. रोडबाइकला पुढची लहान चकतीच बहुतेक ३४ ची असते आणि मागे ३२-३४. पसरणीच्या घाटात कोण आधी उतरून ढकलेल?

एटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, ऐन जागतिक सायकल दिनी बंद पडला. रोजच्या सायकली बनवणारे संपले आणि शनिवार-रविवारच्या सायकलींचं कौतुक चाललंय. याचा मला खरा राग आहे.

पॅचवर्क
काका, राग बरोबर पण पत्ता चुकला. एटलस चालवणारा माणूस रोडबाइककडे गेला नाही, तो स्कूटरवर गेला.

वारा, तुला दुसरी सायकल नको, दुसरी चाकं घे. चाकांची जोडी, त्यावर २८ चे टायर कायमचे, तशीच कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या). शुक्रवारी रात्री दोन चाकं बदलायची, दहा मिनिटं. पाचव्या भागाच्या खर्चात काम होतं.

खडकवासला_वारा
@साधीसायकल, गिअरचं मान्य. कागदावर बरोबर आहे आणि पसरणीत मला हायब्रिडनेच वर नेलंय. पण घाट दहा-अकरा किलोमीटर, बाकीचे काय? खंबाटकी उतरून सुरूरपर्यंत समोरून वारा आला की सरळ हँडलवर छाती शिडासारखी उघडी पडते. ताशी पंचविसाच्या पुढे सगळी ताकद वाऱ्याशीच भांडण्यात जाते. आणि सरळ हँडलला हात ठेवायची एकच जागा. २०० किमीनंतर माझ्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, त्या पुढे चार दिवस जात नाहीत, ऑफिसमध्ये टाइप करताना कळतं. वाकड्या हँडलला वर, मध्ये, खाली असे तीन-चार पकडी बदलता येतात. १५ ची सरासरी सोपी वाटते पण एक पंक्चर, एक जेवण, दोन घाट त्यातून वजा करा, रस्त्यावर २० च्या पुढेच राहावं लागतं.

@पॅचवर्क, चाकांचा विचार केला होता. डिस्क ब्रेक आहेत, दुसऱ्या चाकाची डिस्क केसभर जरी आत-बाहेर बसली तरी पॅड घासतो. मग परत ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट सैल करा. मडगार्ड-कॅरियर राहतंच. आणि हँडल तेच.

पॅचवर्क
हबवर डिस्कच्या मागे शिम, म्हणजे वॉशरसारखी पातळ चकती, टाकली की डिस्क जुळते, मी केलंय. पण हाताच्या मुंग्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. बार-एंड, म्हणजे हँडलच्या टोकांना शिंगासारख्या जास्तीच्या मुठी, लावून बघ एवढंच सांगतो.

तिसरा_मजला
सगळे गिअर आणि वाऱ्याबद्दल बोलताय, कोणी एकानेही सांगितलं नाही की दुसरी सायकल ठेवणार कुठे. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सहा वर्षं. आमच्या जिन्याखाली २३ सायकली आहेत. मी दिवाळीत प्रत्येकीच्या मागच्या टायरवर आणि खाली फरशीवर खडूची रेघ ओढली. संक्रांतीला बघितलं तर १४ रेघा जुळलेल्याच होत्या, म्हणजे चाक इंचभर हललेलं नाही. टायरला भेगा, सीटवर कबुतरांची घाण, एकीत पाल. आणि यातल्या निम्म्या कुणाच्या तरी "दुसऱ्या". आग लागली तर म्हातारी माणसं उतरणार कुठून? जिना मोकळा ठेवा म्हटलं की मी खलनायक.

पहाटे_पाच
सेक्रेटरी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी गणपतीला गावी गेलो होतो, दहा दिवस. परत आलो तर सायकल गायब. वॉचमन म्हणाला कमिटीने काही सायकली बेवारस म्हणून भंगारवाल्याला दिल्या. नोटीस? लिफ्टमध्ये लावली होती म्हणे, मी नव्हतो तेव्हा. ती सायकल मी पहिल्या पगारातून घेतली होती, हँडलला आईने बांधलेला दोरा होता. किलोवर गेली. आणि त्याच पार्किंगमध्ये एका सदस्याची कव्हर घातलेली गाडी चार वर्षं उभी आहे, चारही टायर बसलेत, तिला खडूची रेघ कोणी ओढत नाही!! एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात.

तिसरा_मजला
माझ्यावर ओरडू नका, तुमच्या कमिटीने केलं ते मी केलेलं नाही. मी एकही सायकल विकली नाही. प्रत्येक दारावर जाऊन विचारलंय, अगदी बंद फ्लॅटवाल्यांना फोन करून.

पहाटे_पाच
मग जिन्याखालून काढून ठेवायला स्टँड का नाही केलात सहा वर्षांत? भिंतीला हुक मारायला किती पैसे लागतात? सायकलवाल्याला लिफ्टमध्ये बंदी, जिन्याखाली बंदी, गॅलरीत ठेवली तर खालच्यांच्या गाडीवर पाणी टपकतं म्हणून तक्रार. मग सायकल चालवा म्हणून रॅल्या कशाला काढता.

तिसरा_मजला
स्टँडचा ठराव दोन वेळा आणला. दोन्ही वेळा पडला. विरोध कुणाचा ते तुम्हाला बरोबर माहितीय, दोन-दोन गाड्यावाल्यांचा. कारचं तुमचं म्हणणं खरं आहे. ते लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे.

ओंजळ
मी सकाळपासून वाचतेय. एक विचारू? एवढ्या सगळ्या दुसऱ्या सायकली, त्या घरातल्या बाईकडे पहिली तरी आहे का?

माझ्या नवऱ्याने रोडबाइक घेतली तेव्हा म्हणाला, आता हायब्रिड तुझी. मला केवढा आनंद झाला. शाळेत असताना मी सायकलनेच जायचे, लग्नानंतर सुटली ती सुटली. पण ती हायब्रिड त्याच्या मापाची, फ्रेम १९ इंची, मी पाच फूट एक. सीट अगदी खाली केली तरी थांबताना पाय टेकत नाही, एका बाजूला कलंडावं लागतं. कर्वे पुतळ्याजवळ सिग्नलला डावीकडे कलंडले तिथे नेमका खड्डा. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. घरात सगळे म्हणाले तुझी सवय गेली. सवय नव्हती गेली हो, सायकल माझी नव्हती. नंतर मी १५ इंची फ्रेमची सेकंडहँड घेतली, साडेसहा हजाराला, आता रोज मंडईत जाते. त्यामुळे दादा, घ्यायची तर जरूर घ्या. पण जुनी "तिला होईल" असं मनात धरून हिशोब करत असाल तर नका करू.

साधीसायकल
ताई, हे वाचून थांबलो. आमच्या घरात एक सायकल होती असं मी अभिमानाने लिहिलं. आई शाळेपर्यंत पाच किलोमीटर चालत जायची, तीही शिक्षिकाच होती. ३१ वर्षांत एकदाही कोणाला, मला धरून, सुचलं नाही. माझं मूळ म्हणणं बदललेलं नाही, एका माणसाला एक सायकल पुरते. पण एका घराला एक पुरते हे मी आजपासून बोलणार नाही.

खडकवासला_वारा
ओंजळ ताई, खोटं नाही बोलणार, घरी मी अगदी तेच वाक्य बोललो होतो, "हायब्रिड तू वापर". संध्याकाळी बायकोला बसवून बघितलं. पायाच्या बोटांची टोकंसुद्धा नीट टेकत नाहीत. ती म्हणाली, हे मी तुला दोन वर्षांपूर्वी पण सांगितलं होतं. मला आठवतही नाही.

रोडबाइक घेणारच, ते सोडत नाहीये. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तरी नवी नको, सेकंडहँड बघतो. उरलेल्यात तिच्या मापाची. म्हणजे दोन येतील, साधीसायकल काका, तुम्हाला आवडो न आवडो.

तिसरा_मजला
तीन सायकली. ठेवणार कुठे?

खडकवासला_वारा
रोडबाइक हॉलमध्ये भिंतीला, टीव्हीच्या वर. बायकोची अट आहे की तिची खाली ठेवायची, दाराजवळ, कुणालाही हलवायला न लावता काढता आली पाहिजे.

साधीसायकल
ती चिमटलेली ट्यूब टाकून दिलीत का? दिली नसेल तर टाकू नका. दोन भोकं जवळ असतील तर एकच मोठा पॅच बसतो. सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्या, लगेच चिकटवू नका.