घरच्या नॅसमधील हार्ड डिस्कचे तापमान

प्रश्न (म्हापसा): माझे दोन डिस्कचे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेले फाइल साठवण्याचे यंत्र) दिवाणखान्यातील बंद कपाटात ठेवलेले असून, मे महिन्यातील दुपारी डिस्कचे तापमान ५२ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे दिसले. हे धोकादायक आहे का, आणि त्यावर सतत लक्ष कसे ठेवावे?

उत्तर (फोंडा): नॅससाठीच्या बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ७० अंशांच्या दरम्यान असते, त्यामुळे ५२ अंशांनी लगेच काही बिघडणार नाही, तरीही मी स्वतः ४५ च्या वर जाऊ देत नाही. स्मार्ट माहितीतील (डिस्क स्वतःच्या स्थितीविषयी ठेवते ती यादी) १९४ क्रमांकाची, म्हणजे तापमानाची, नोंद पाहावी, मात्र शेवटच्या रकान्यातील मूळ आकडाच वाचावा, कारण आधीच्या रकान्यातील मूल्य काही डिस्कमध्ये तापमान वाढले की उतरते आणि पाहणारा फसतो. ही माहिती वाचणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ठरवून दिल्यास ती ओलांडताच ईमेल येतो.

उत्तर (मडगाव): आधी कपाटाचे दार तासभर उघडे ठेवून आकडा पुन्हा पाहा. माझ्याकडे एवढ्यानेच सहा अंश उतरले. उरलेला दोष पंख्याच्या जाळीवर दमट हवेने चिकटलेल्या धुळीचा निघाला.

प्रश्नकर्ता: दार उघडताच तापमान ४६ वर आले. कपाटाची मागची फळी आता काढून टाकतो.