युद्धाचा माहितीपट: जवानाच्या खांद्यावरून दिसतं तेवढंच?

तिरकस: लढाईवरचे माहितीपट हल्ली इतके आत शिरतात की प्रश्न विचारायचं भानच राहत नाही. 'रेस्ट्रेपो' (२०१०) घ्या. अफगाणिस्तानच्या कोरेंगाल खोऱ्यातली अमेरिकी चौकी. निवेदन नाही, सेनापतींच्या मुलाखती नाहीत. गोळ्या येतात त्या डोंगराकडून. झाडणारे कोण, का लढतायत, शेवटपर्यंत पत्ता नाही. ही मला सोयीची आंधळेपणाची भूमिका वाटते.

धुळाक्षर: साफ असहमत. त्या पोरांना तरी समोरचा कुठे दिसत होता? दिग्दर्शक जंगर आणि हेदरिंग्टन २००७-०८ मध्ये त्यांच्यासोबत राहिले आणि जवानाला दिसलं तेवढंच दाखवलं. आणि गावकऱ्यांचं म्हणाल तर तारेत अडकलेली गाय जवान मारतात तो प्रसंग आठवा. म्हातारे भरपाई मागायला येतात, लष्कर पैशांऐवजी गाईच्या वजनाइतकं धान्य देऊ करतं. ती मोहीम का फसली ते कळायला तेवढं पुरे.

तिरकस: गाय मान्य! पण ती तुम्हाला दिसली. बहुतेकांच्या लक्षात गोळीबारच राहतो.

जुनं रीळ: जवळून घेतलं म्हणून खरं, हे गणितच कच्चं आहे. पहिल्या महायुद्धावरच्या १९१६ च्या ब्रिटिश माहितीपटातलं, 'द बॅटल ऑफ द सॉम'मधलं, खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचं गाजलेलं दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम घडवलेलं. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टननं इटलीतल्या सान पिएत्रो गावच्या लढाईवर केलेल्या माहितीपटातही बरीचशी लढाई नंतर पुन्हा उभी केलेली. तो लोकांपर्यंत पोचला. त्याच ह्यूस्टननं १९४६ मध्ये मनानं खचलेल्या सैनिकांचं रुग्णालय चित्रित केलं, 'लेट देअर बी लाइट'. तो मात्र लष्करानं तीसहून जास्त वर्षं दाबून ठेवला. बंदुकीचा आवाज चालतो हो, हुंदका चालत नाही.

धुळाक्षर: मग माझाच मुद्दा झाला. 'रेस्ट्रेपो'त साथीदार पडल्याचं कळताच एक जवान ओक्साबोक्शी रडतो, आणि ते कापलेलं नाही.

साधा प्रश्न: ह्यूस्टनचा तो रुग्णालयाचा माहितीपट दाबण्यामागे लष्कराचं कारण तरी काय होतं? रुग्णांच्या खासगीपणाचं. बहाणा असेल, पण प्रश्न खोटा नाही. तसा रडताना कॅमेरा माझ्यावर रोखलेला मला चालला नसता.

जुनं रीळ: मग ते रडणं कोणालाच दिसू नये?

साधा प्रश्न: दिसावं. आधी त्याला दाखवा, तो हो म्हणाला तर आम्हाला.