मदत हवी आहे: साल्सा येतो, तरी इथे कुणाशी पाय जुळेनात

तुषार_७
पुण्यात आठ महिने साल्सा शिकलो. नोकरीसाठी न्यूयॉर्कला आलोय. काल सोशलला, म्हणजे सगळे जमून नाचतात त्या पार्टीला गेलो, तिघींबरोबर नाचलो आणि तिघींच्या पायावर पाय दिला. एकीने तर विचारलं, तुला घाई आहे का? शनिवारी परत जायचंय. काय चुकतंय? लवकर सांगा.

मोगरा
ऑन वन शिकलात की ऑन टू?

तुषार_७
साल्सा हो. लिहिलंय की वर.

गण्या
साल्सा एकच नसतो रे भावा. क्यूबन जोडी एकमेकांभोवती फिरते. एलएवाले (लॉस एंजेलिस) सरळ रेषेत, आणि पहिल्याच मात्रेला ब्रेक, म्हणजे दिशा बदलणारं पाऊल. तेच ऑन वन. न्यूयॉर्कवालेही रेषेतच, पण ब्रेक दुसरीला, म्हणून ऑन टू. भारतात बहुतेक क्लासमध्ये ऑन वनच शिकवतात.

काकासाहेब
त्यापेक्षा झुंबा करा. जोडीदार लागत नाही. माझं वजन ६ किलो उतरलं.

मोगरा
काका, वजनाचं कुणी विचारलंय?

तबलजी
केरव्यासारख्या आठ मात्रा धरा. १-२-३ पावलं, ४ मोकळी, ५-६-७ पावलं, ८ मोकळी. तुम्ही समेवरच पाय पुढे टाकता, ती दुसरीची वाट बघत असते. घाई वाटणारच!

गण्या
साल्सात कसली सम? तिथे क्लावेचा ताल. दोन काठ्यांचे पाच ठोके.

तबलजी
क्लावे असू दे. त्याला आधी १ कुठे आहे ते तर कळू दे. तुषार, काँगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल ऐका. दुसऱ्या मात्रेवर कोरडी 'टक्' थाप येते, दिशा तिथे बदला.

तुषार_७
स्वयंपाकघरात करून बघितलं. डोकं टू म्हणतं, पाय वनलाच जातो. आणि एक गाणं गिटारचं होतं, त्यात सगळे चौथ्याला कंबर उडवत होते. ते पण ऑन टू का?

मोगरा
अहो ती बचाता! डॉमिनिकन रिपब्लिकची. तीन पावलं बाजूला, चौथ्याला टॅप. तुम्ही त्यावर साल्सा केलात??

तुषार_७
हो.

काकासाहेब
टँगो राहिला की. खरा लॅटिन तोच.

गण्या
काका, स्पर्धांमध्ये टँगो लॅटिन गटात नसतोच. तिथे सांबा, चाचाचा, रुम्बा, पासो दोब्ले आणि जाइव्ह.

काकासाहेब
म्हणजे अर्जेंटिना बाहेर आणि अमेरिकेचा जाइव्ह आत? धन्य आहे.

तबलजी
पासो दोब्लेही स्पेनचा. नावांवर जाऊ नका. क्यूबाच्या 'सोन' या नाच-संगीतामध्ये बाकीचं मिसळून न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात जे विकलं गेलं, त्याला साल्सा नाव पडलं. मूळ क्यूबाचंच.

मोगरा
पोर्तो रिकोवाल्यांसमोर हे बोलून दाखवा. तेही साल्सा आपलाच म्हणतात.

तुषार_७
तुमचं चालू द्या. पुण्यातले पैसे वाया गेले का तेवढं सांगा.

मोगरा
नाही हो. वळणं, हातांची पकड तीच असते. शनिवारी नाचण्याआधी सरळ विचारा, वन की टू. वन नाचणाऱ्याही भेटतील. आणि गिटार वाजली की बाजूला थांबून बघा.

काकासाहेब
हॉल कुठे आहे? माझा भाचा तिथेच असतो.