अकरावी सायन्स, फंक्शन्स: रेंज काढताना काय सुटतंय? मदत हवी आहे

दादरकर_अकरावी: डोमेन (कुठले क्ष चालतात) जमतं, रेंज (कुठले य मिळतात) अडते. (मराठी कीबोर्ड आहे, म्हणून एक्सला क्ष, वायला य.)
१) य = √(९ − क्ष²). वर्ग करून क्ष² = ९ − य² आलं, म्हणून रेंज [−३, ३] लिहिली. उत्तर [०, ३].
२) य = (क्ष² − ९)/(क्ष − ३). कॅन्सल करून क्ष + ३ उरलं, म्हणजे सगळ्या वास्तव संख्या. उत्तरात ६ वगळलेत. का?

पोकळ_ठिपका: पहिल्यात घोळ वर्ग करण्यात आहे. √ ही खूण ऋण संख्या कधीच देत नाही, म्हणजे य ≥ ० ही अट गणितातच आहे. पण २ आणि −२ दोघांचाही वर्ग ४, त्यामुळे वर्ग केलास की ती अट पुसली जाते. वर्ग करायच्या आधीच समासात य ≥ ० लिही आणि शेवटी [−३, ३] शी सामाईक भाग घे. पडताळा करायचा तर य = −१ घे: क्ष² = ८ येतं, पण मूळ सूत्रात √(९ − ८) = १. −१ मिळतच नाही.

दुसऱ्यात कॅन्सल करण्याआधी क्ष ≠ ३ लिही. सूत्र सोपं झालं तरी डोमेन तेच राहतं. य = ६ साठी क्ष = ३ लागतो, आणि तोच बाद आहे. आलेखात सरळ रेषा काढून (३, ६) वर पोकळ ठिपका.

दादरकर_अकरावी: कळलं! आणि इन्व्हर्स (य वरून परत क्ष देणारं फंक्शन) कधी नसतो?

मीटर_डाऊन: रिक्षाचं भाडं बघ. फेब्रुवारी २०२५ च्या दरांनुसार मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. (दादरला रिक्षा नाही म्हणा, टॅक्सीला २६ ऐवजी ३१ धर.) वेटिंग आणि राउंडिंग सोडलं तर एका अंतराला एकच भाडं, म्हणून फंक्शन. पण २६ बघून ०.८ किलोमीटर झाले की १.३, सांगता येत नाही. वन-वन नाही, म्हणून इन्व्हर्स नाही.

डोमेन [१.५, ∞) आणि कोडोमेन (य ज्या संचातून घ्यायचे तो) [२६, ∞) घेतलं की वन-वन आणि ऑन्टू (कोडोमेनमधला प्रत्येक य मिळतो) दोन्ही होतं: क्ष = १.५ + (य − २६)/१७.१४. कोडोमेनमध्ये १० रुपये ठेवलेस तर पुन्हा अडेल, कारण १० रुपये भाडं कुठल्याच अंतराला येत नाही. क्ष² लाही हाच इलाज: डोमेन, कोडोमेन दोन्ही [०, ∞), मग इन्व्हर्स √क्ष.