दवाखान्यातलं जेवण : तुमच्या माणसानं किती खाल्लं?

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन इथं कोल्हापुरातच झालं. ताट वेळेवर यायचं, निम्मं तसंच परत जायचं, आणि त्याची नोंद कुणीच घेत नव्हतं. मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम! पातळ वरण आणि भातातून ती कशी मिळणार? तुमचे अनुभव लिहा, चांगलेही.

शाहूपुरी : सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणायचा. आहारतज्ज्ञ मॅडमनी पोटॅशियमचं कारण सांगून ते बंद केलं. भाज्या भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायला शिकवलं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी होती, आता वाढवलीत. अंड्याचा पांढरा भाग रोज. मॅडमनी शांतपणे समजावलं, म्हणून सासरे अळणी भाजीसुद्धा खातात.

कागल : आईला इन्सुलिन दिलं आणि जेवण तासाभरानं आलं. घाम, थरथर, साखर एकदम खाली. दवाखान्याचं नाव घेत नाही. आम्ही बोललो, तेव्हापासून सिस्टर आधी ताट आलंय का बघायच्या, मगच इंजेक्शन. जेवणाची वेळ हा औषधाचाच भाग आहे हो!

गडहिंग्लज : वहिनीचं सिझेरियन सरकारी दवाखान्यात झालं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियनला ७ दिवसांपर्यंत आणि साध्या बाळंतपणाला ३ दिवसांपर्यंत जेवण मोफत असतं. साधं, पण गरम मिळालं. खेड्यातल्या कितीतरी घरांना हे माहीत नसतं. मागून घ्या.

मंगळवार पेठ : आजीच्या ताटात चपाती, आणि कवळी पिशवीत. तिला चावता येतं का, हे दोन दिवस कुणी विचारलंच नाही.

उचगाव : आमच्याकडं ताकद म्हटलं की मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. भावासाठी थर्मास भरून न्यायचो. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं पाण्यात थोडीच उतरतात, खरी मटणात राहतात. मग मऊ शिजवलेला खिमा न्यायला लागलो, तो त्यानं आवडीनं खाल्ला.

राजारामपुरी : मी वॉर्डात सिस्टर आहे. कुणाचं ताट किती उरलं हे ताटं उचलणाऱ्या मावशींना पक्कं ठाऊक असतं, केसपेपरला नसतं. आता मावशी सांगतात, मी लिहिते, राऊंडला डॉक्टर वाचतात. दोन वेळा ताट निम्मं परत गेलं, की आहारतज्ज्ञांना बोलावतो.